उंबराचा मावा आणि आतारभाई

हेवा करायचा तर बरोबरीच्या माणसाचा करावा. आपल्यामागून नोकरीला लागून आपल्याआधी विभागप्रमुख झालेल्याचा करावा, फार तर साडूचा करावा. मी डॉक्टरेट मिळवलेला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, आणि सलग सहा वर्षं मी हेवा केला तो दहावीनंतर आयटीआय केलेल्या एका निवृत्त ड्राफ्ट्समनचा. हमीद आतार त्यांचं नाव. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांनी सारी हयात यंत्रांचे नकाशे काढण्यात घालवली होती. माझ्या मनातलं त्यांना कधी कळलं की नाही, मला ठाऊक नाही. कळलं असणार. त्या माणसाच्या नजरेतून सुटलेलं मी फारसं काही पाहिलेलं नाही.

माझा विषय मावा. आमच्या इंदापूर-बारामतीकडं मावा म्हटलं की समोरचा आधी खिशातली पुडी चाचपतो. किड्याचा म्हटलं की 'उसाचा लोकरी का?' म्हणून विचारतो. झाडावरचा म्हटलं की त्याचा माझ्यातला रस संपतो. उंबर, जांभूळ, पेरू यांच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या पाठीवर तिळाएवढे हिरवट-तपकिरी किडे गर्दी करून रस शोषत बसतात. त्यातल्या एका प्रजातीचं नाव ग्रीनिडिया. प्रजाती म्हणजे आडनाव समजा आणि जाती म्हणजे नाव. एका आडनावाचे पुष्कळ भाऊ. आडनाव ओळखणं सोपं. ग्रीनिडियाच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन लांब नळ्या असतात आणि त्या नळ्यांवर दाढी राखल्यासारखे केस असतात. भाऊ भावापासून वेगळा काढायचा म्हणजे मात्र घाम फुटतो. नळी केवढी, तिच्या बुडाशी जाळीदार नक्षी आहे का, केस किती, किती लांब, टोकाला सरळ की दुभंगलेले, सगळं बघावं लागतं. वीस वर्षं मी हे केस मोजत होतो.

नवी जाती शोधली की तिच्या नावापुढं शोधणाऱ्याचं आडनाव कायमचं लागतं. कुठल्याही देशातल्या कुठल्याही यादीत ती जाती आली की आपलं आडनाव सोबत आलंच. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघांच्या नावावर जाती होत्या. माझ्या नावावर एकही नव्हती, निवृत्ती हाकेच्या अंतरावर आली होती, आणि मला ती फार हवी होती.

आतारभाई माझ्याकडं आले ते माझ्याच वाईट चित्रांमुळं. माझा एक लेख 'आकृत्या चालणार नाहीत' अशा शेऱ्यासह परत आला होता. माव्याचा फोटो निघतो, पण भिंगाखाली एक केस स्पष्ट झाला की शेजारचा धूसर होतो. सगळे केस एकदम दिसायला हवे असतील तर ते अजूनही माणसालाच काढावे लागतात. आमच्या कॉलेजच्या कार्यालयातला एक जण वालचंदनगरहून ये-जा करायचा. तो म्हणाला, आमच्या शेजारी एक आतार म्हणून आहेत, रिकामेच असतात, रेघ अशी मारतात की बघत राहावं. दोन दिवसांनी आतारभाई एसटीनं इंदापूरला आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि खोडरबराचा नखाएवढा तुकडा, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेला ड्रॉइंग बोर्ड.

"प्रमाण किती?" त्यांनी बसायच्या आधी विचारलं.

"शंभरपट."

"आन् टॉलरन्स? मापात फरक किती चालंल?"

मी हसलो. म्हणालो, "आतारभाई, किड्याला टॉलरन्स नसतो. तो काय तुमचा गिअर आहे?"

"मंग दोन किडं एकसारकं हायत, आसं तुमी कशावरनं ठरिवता?"

तिथंच आमचं बिनसलं. म्हणजे माझं बिनसलं, त्यांचं काही नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी एक रेघही काढली नाही. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. स्लाइड बदलायची, बघायची, पहिली परत लावायची, पुन्हा बघायची. संध्याकाळी उठले तेव्हा कागद कोरा. मी जरा कुचकटपणेच विचारलं, "आज काय काम झालं?"

"वळख झाली," ते म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

त्यांची काम करायची रीत ठरलेली होती. कागदाला शिवायच्या आधी हात साबणानं धुवायचे आणि वाळेपर्यंत हवेत धरून उभं राहायचं. पेन्सिलीला टोक ब्लेडनं काढायचं आणि ते अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं. बोर्डाजवळ चहा आणायला बंदी. चहा व्हरांड्यात, बशीत ओतून. काम चालू असताना कुणी 'छान' म्हटलं की त्यांची पेन्सिल थांबायची आणि म्हणणारा जाईपर्यंत सुरू व्हायची नाही. स्वतःही कुणाला छान म्हणायचे नाहीत. एखाद्या पोराची आकृती बरी असली तर नुसते पुढची बघायला घ्यायचे. आणि त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून एकदा तरी यायचंच: "एका नगावर नकाशा काढू न्हाई." कारखान्यात म्हणे कुणीतरी एकच सुटा भाग मोजून नकाशा काढला, तो भाग नेमका झिजलेला निघाला, आणि त्या नकाशावरून बनवलेले सगळे भाग भंगारात गेले. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की पुढं पुढं ते सुरू करायचे आणि मी संपवायचो.

चित्रं मात्र अशी यायची की माझ्या पोटात दुखायचं. नळी नळीसारखी गोल दिसायची, केस कुठून उगवलाय आणि कुठं वळलाय ते कळायचं. माझी बायको संध्या एकदा डबा विसरला म्हणून प्रयोगशाळेत आली होती. तिनं त्यांची आकृती आणि माझी जुनी आकृती शेजारी शेजारी बघितली आणि म्हणाली, "भाईंचा किडा जिवंत वाटतो हो. तुमचा मेल्यासारखा आहे."

"मेलेलाच असतो तो," मी म्हणालो. "दोघांचाही."

त्यानंतर घरचा मिक्सर बिघडला तेव्हा संध्यानं मला सांगितलंसुद्धा नाही, परस्पर आतारभाईंना बोलावलं. त्यांनी मिक्सर खोलला, दुरुस्त केला आणि जाताना त्याच्या प्रत्येक भागाचं क्रमांक टाकून चित्र काढून दिलं. ते चित्र अजून आमच्या फ्रिजच्या दाराला लावलेलं आहे. लग्नाला तीस वर्षं झाली, माझं काहीही तिनं कधी फ्रिजला लावलेलं नाही.

एकदा वरकुट्याला पेरूच्या बागेत आम्ही दोघं गेलो होतो. बागेचे मालक एक तात्या होते, भले गृहस्थ. त्यांनी मावा लागलेली एक फांदी आमच्यापुढं धरली. मी भिंग लावून चांगलं अर्धा तास बघितलं, नेहमीचीच पेरूवरची जाती म्हणून वहीत टिपलं आणि फांदी आतारभाईंच्या हातात दिली. त्यांनी फांदी उन्हाकडं तिरकी केली.

"सर, ह्यातला एक येगळा हाय."

"पिल्लू असेल."

"पिल्लू न्हाई. ह्यो बगा, कडंचा. बाकीच्यांच्या नळ्या सरळ मागं गेल्यात, ह्याच्या फाकल्यात."

मी त्यांचं मन राखायला म्हणून तो किडा वेगळ्या कुपीत घेतला. प्रयोगशाळेत त्याची स्लाइड केली, दोन दिवस केस मोजले. तो बांधावरच्या जांभळावरचा निघाला, आडनाव तेच पण भाऊ दुसरा. माझी वीस वर्षं आणि त्यांचं एक वर्ष. पण खरं झोंबलं ते वरकुट्यातच. निघताना तात्यांनी पेरूंची पिशवी आतारभाईंच्या हातात दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं सायेब लई हुशार दिसत्यात वो. कवापासनं हाय तुमी त्यांच्या हाताखाली?" बॅग मी धरली होती, त्यामुळं त्यांचा गैरसमज झाला असेल. आतारभाईंनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "आवं न्हाई तात्या, सायेब त्ये हायत. मी नुसता नकाशं काढतो." त्यांनी इतक्या मनापासून सांगितलं की मला आणखीच राग आला.

पुढं विद्यार्थीसुद्धा स्लाइड घेऊन आधी त्यांच्याकडं जायला लागले. मी खोलीत असताना, माझ्या टेबलावरून वळसा घालून. आमच्या विषयातले एक बुजुर्ग आहेत, त्यांचं मत म्हणजे शेवटचा शब्द. त्यांना मी एक अकरा पानी लेख पाठवला होता. त्यांचं पत्र आलं ते एका ओळीचं: आकृत्या कोणी काढल्या? मी ते पत्र आतारभाईंना दाखवलं नाही. अजूनही माझ्याकडंच आहे.

आणि मग डाळजचं उंबर आलं.

डाळजला महामार्गाच्या कडेला, एका ढाब्याच्या मागं उंबराचं एक ठेंगणं झाड होतं. हिवाळ्यात त्याच्या शेंड्यावर मला ग्रीनिडिया मिळाला. मी मोटरसायकल लावली, किडे ब्रशनं अल्कोहोलच्या कुपीत घेतले, कुपी डिकीत टाकली आणि इंदापूरला आलो. दुसऱ्या दिवशी चार स्लाइड केल्या. पहिलीच भिंगाखाली घेतली आणि केस तीनदा मोजले. नळ्यांवर केस जेमतेम सात-आठ. उंबरावरच्या ठाऊक असलेल्या जातीच्या नळ्या केसांनी भरलेल्या असतात. चारही स्लाइडमध्ये तेच. इतक्या विरळ केसांचा भाऊ या घराण्यात कुणी पाहिलेलाच नव्हता. मी खुर्चीवर बसलो आणि पाच मिनिटं नुसता माझ्या आडनावाचा विचार केला.

आतारभाईंना मी फक्त 'नवी जाती आहे, आकृती उत्तम पाहिजे' एवढंच सांगितलं. त्यांनी तीन दिवस घेतले. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेली आकृती समोर ठेवली तेव्हा मी आधी खूश झालो. मग बघितलं, नळ्यांवर ठिकठिकाणी बारीक बारीक गोल काढलेले होते. डाव्या नळीवर अकरा, उजवीवर नऊ.

"हे काय आहे?"

"भोकं हायत. केसाची."

"केस कुठं आहेत तिथं?"

"केस न्हाईत, पर भोकं हायत. बोल्ट पडला तरी भोक ऱ्हातंच की सर. हितं केस व्हतं, मोडल्यात." मग अगदी हळू म्हणाले, "कुपी अर्धी भरल्याली व्हती का वो?"

अर्धीच भरलेली होती. कुपी काठोकाठ भरायची, वर कापूस दाबायचा, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगतो. त्या दिवशी अल्कोहोल कमी पडलं होतं आणि मला घाई होती. डाळज ते इंदापूर अर्ध्या कुपीत किडे घुसळत आले होते. आतारभाई स्वतः नमुने आणायचे ते पानासकट, स्टीलच्या डब्यात, एसटीत डबा मांडीवर धरून. त्यावरून मी त्यांची चेष्टा करत असे.

"परत जाऊया," ते म्हणाले. "डब्यातनं आणू. धा-बारा नग आणू. मी यीन संगट."

मी म्हणालो, "आतारभाई, तुम्ही नकाशे काढा. किडे मी बघतो."

त्यांचा चेहरा बदलला नाही. "बरं," म्हणाले. मी गोल काढून टाकायला सांगितलं, तेव्हा मात्र मान हलवली. "जे दिसलं त्ये काढलं. न दिसल्यालं काढणार न्हाई, आन् दिसल्यालं खोडणार न्हाई. बाकी तुमची मर्जी." हात धुतले, बोर्ड चादरीत गुंडाळला आणि गेले. त्या वेळी माझी पक्की खात्री होती की हा माणूस माझ्यावर जळतोय. आपण ज्या रोगानं आजारी असतो तोच आपल्याला दुसऱ्याच्या अंगात दिसतो.

मी डाळजला परत गेलो नाही. वेळ नव्हता असं मी संध्याला सांगितलं. खरं कारण असं की गेलो असतो तर केस सापडले असते.

ट्रेसिंग पेपरवरची शाई रबरानं निघत नाही, ब्लेडनं खरडावी लागते. ब्लेड उभं धरलं तर कागद फाटतो. निजवून, श्वास रोखून, शाईचा थर तेवढा उचलायचा. ही रीत मला आतारभाईंनी शिकवली होती आणि मला ती कधी जमली नव्हती. सरळ खिडकीपाशी उजेडात बसून एका दुपारी मी वीस गोल खरडले. कागद कुठं फाटला नाही, की शेजारच्या केसाला धक्का लागला नाही.

लेख छापून आला. बुजुर्गांचं अभिनंदनाचं पत्र आलं, या वेळी चांगलं चार ओळींचं. कॉलेजनं शाल दिली, नारळ दिला, प्राचार्यांनी भाषणात 'इंदापूरचं नाव जगाच्या नकाशावर' वगैरे म्हटलं. नवीन जातीच्या नावापुढं माझं आडनाव होतं. लेखाच्या शेवटी आभारात 'आकृत्या: श्री. हमीद आतार' होतं. आतारभाई मात्र बोर्ड गुंडाळून गेले त्या दिवसापासून प्रयोगशाळेत आले नव्हते. बोलावणं पाठवलं की 'बगू' म्हणायचे.

आज ती जाती नाही. मीच संपादकांना पत्र लिहिलं, केस मोडलेले होते, ही उंबरावरची जुनीच जाती आहे, आणि हे हमीद आतार यांनी माझ्याआधी ओळखून आकृतीत दाखवलं होतं, ते मी खोडलं, असं स्वच्छ लिहिलं. शाल परत कशी करतात ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ती घरीच राहिली. वर्गीकरणात एक नियम आहे, एकदा छापलेलं नाव पुसलं जात नाही. चुकीचं ठरलं तरी ते खऱ्या नावाखाली, रद्द म्हणून, चूक करणाऱ्याच्या आडनावासकट यादीत राहतं. तेव्हा माझं आडनाव आता खरंच कायमचं लागलेलं आहे. बरोबरचे दोघं भेटले की विषय काढत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. पण ते पत्र लिहायला मी ज्या दिवशी तयार झालो, तो दिवस सांगायचा राहिला.

आतारभाईंचा मुलगा चाकणला नोकरीला आहे. तो वडिलांना कायमचं घेऊन जाणार, असं आमच्या कार्यालयातल्या त्या शेजाऱ्यानं सांगितलं. मी लेखाची एक प्रत घेतली आणि वालचंदनगरला गेलो. दारात टेम्पो उभा होता. कॉट, कपाट, पिंप वर चढत होतं. आतारभाई ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर चादरीत गुंडाळलेला बोर्ड. तो टेम्पोत टाकू देत नव्हते.

"या सर," ते म्हणाले. जणू कालच भेटलो होतो.

मी प्रत त्यांच्यापुढं धरली ती शेवटचं पान उघडून, आभाराच्या ओळीवर बोट ठेवून. आपलं नाव बघून ते तिथंच थांबतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाव वाचलं, माझं बोट बाजूला केलं आणि पानं उलटत आकृतीपाशी आले. चष्मा कपाळावर सारला. कागद नाकाजवळ नेला. डावी नळी बुडापासून टोकापर्यंत बघितली, मग उजवी. मग परत डावी. टेम्पोवाला कपाटाला दोर बांधत होता.

"हितलं गोल?"

"काढले."

"कुणी?"

"मी."

"ब्लेडनं?"

"हो."

त्यांनी कागद उन्हाकडं तिरका केला. छापील कागदावर खरडल्याची खूण दिसणार नव्हती हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरी बघितलं. नखानं एकेका जागेवरून हलकेच गेले. प्रत्येक गोलाची जागा त्यांना पाठ होती.

"रेघ कुटं तुटली न्हाई," ते म्हणाले. "केसाला बी धक्का न्हाई. सर, हात लई चांगला चाललाय तुमचा."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायची कला त्या माणसाकडं नव्हतीच. त्यांनी काम बघितलं होतं आणि कामाबद्दल बोलले होते.

आतून मुलानं हाक मारली, "अब्बा, चला." ते उठले, बोर्ड काखेत घेतला आणि प्रत माझ्या हातात परत दिली. "ह्ये तुमीच ठिवा. आन् माजं नाव हाय त्यात, त्ये काढता आलं तर बगा." मग ड्रायव्हरशेजारी चढून बसले, बोर्ड मांडीवर उभा धरला, आणि दार लावायच्या आधी मला म्हणाले, "घरी सांगा, मिक्सरची ती वायर पुन्ना ढिली हुईल, उनाळ्यात बगून घ्या म्हणावं."

टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथं उभा होतो. शरम वाटली, पण ती परत येताना, रस्त्यात, आणि मग वाटतच राहिली. त्या ओट्यापाशी उभा होतो तेव्हा मात्र, हे सांगायलाही लाज वाटते, मला बरं वाटलं होतं. आतारभाई माझ्या हाताला चांगला म्हणाले होते.